बॅगेचं लॅमिनेशन

बॅग एकोणतीस किलोची होती आणि ती उघडायची नव्हती. अटी म्हणाल तर एवढ्या दोनच. बापूसाहेब कंधारकरांना यात अवघड असं काही वाटलं नाही. पस्तीस वर्षं त्यांनी बिलोलीच्या शाळेत मास्तरकी केली होती, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापक म्हणून. दर मार्चमध्ये दहावीच्या प्रश्नपत्रिकांची सीलबंद पाकिटं त्यांच्या ताब्यात असत. परीक्षा संपेपर्यंत कपाटाची किल्ली करदोट्याला आणि जीव टांगणीला. पण अकरा वर्षांत एक पाकीट वेळेआधी फुटलं नाही. अशा माणसाला एक बॅग नांदेडहून जर्मनीपर्यंत न उघडता नेणं म्हणजे काय मोठंसं?

बॅग सौदामिनीबाईंनी भरलेली होती. चैत्रात दोघांनी मिळून लेकाकडे, आलोककडे जायचं ठरलं होतं. बाईंनी संक्रांतीपासूनच भरायला घेतली. भरून झाली, चेन लागली, बॅग पलंगाखाली गेली आणि पंधरा दिवसांत बाई गेल्या. तापाचं निमित्त झालं. चार दिवस दवाखाना, आणि संपलं. आलोकला येता आलं नाही. तिकडे बर्फावर घसरून त्याचा पाय मोडला होता, मांडीपर्यंत प्लास्टर होतं आणि डॉक्टरांनी विमानात बसायला सक्त मनाई केली होती. त्यानं सगळं फोनवर ऐकलं. रडला असेल, पण ते फोनवर ऐकू आलं नाही. चौदाव्या दिवशी संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन आला.

"बाबा, आईची बॅग भरून झालती ना?"

"हाव. पलंगाखाली हाय."

"उघडू नका. तिनं भरली तशीच आणा. मला बघायचीय."

"तशीच आणतो," बापूसाहेब म्हणाले.

आता कुणी विचारील, बॅगेत बघायचं काय असतं? पण असं विचारणाऱ्यानं सौदामिनीबाईंनी भरलेली बॅग पाहिलेली नाही. बाईंचं माहेर औसा तालुक्यातलं. किल्लारीच्या भूकंपात त्यांची थोरली बहीण कस्तुराबाई नेसत्या वस्त्रानिशी वाचली. पुढं आठ दिवस ती वाटपात आलेल्या कपड्यांत वावरली. कुणाचं पोलकं, कुणाचं लुगडं, आणि एक चप्पल बायकी तर एक पुरुषी. ते बघून आल्यावर बाईंनी घराच्या दाराशी एक बॅग भरून ठेवली. जमीन पुन्हा हलली तर उचलून बाहेर पळायला. सोळा वर्षं ती बॅग दाराशी होती. दर दसऱ्याला बाई ती रिकामी करत आणि नव्यानं भरत. सोळा वर्षं एकच धडा गिरवल्यावर माणूस त्यात पारंगत होणारच. आधी लागेल ते वर, आणि पोकळ असं काही ठेवायचंच नाही, हे त्यांचे दोन नियम. तांब्या ठेवायचा तर तांब्यात डाळ, डाळीत हिंगाची डबी, आणि डबीभोवती रुमाल. बॅग उघडली की हात घालावासा वाटत नसे.

भूकंपानंतर लातूरचंही नशीब पालटलं. ज्या गावाचं नाव काढलं की लोक "अरेरे" म्हणत, त्याच गावाचं नाव काढलं की चार-पाच वर्षांत लोक "किती टक्के?" विचारू लागले. गल्लोगल्ली क्लास निघाले. आलोकही पंधराव्या वर्षी लातूरला गेला, तिथून विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, आणि तिथून थेट जर्मनीत. गावभरच्या लेकरांना बापूसाहेबांनी ओट्यावर बसवून पाढे शिकवले. स्वतःचं लेकरू मात्र दुसऱ्यांनी शिकवलं, आणि दुसऱ्यांच्याच देशानं ठेवून घेतलं. यात कुणाचा दोष नाही. पण पंधराव्या वर्षापासून आलोकच्या वाट्याला आई आली ती बहुतेक भरलेल्या बॅगांतूनच, हे बापूसाहेबांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी शब्द दिला होता.

शब्द दिल्याची बातमी शेजारी पोचायला वेळ लागला नाही. शेजारी साहेबराव राहत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. विष्णुपुरीचं धरण आपणच बांधलं आणि सरकारनं फक्त सिमेंट पुरवलं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

"गुरुजी, अशी बॅग नेऊन राहिले तुम्ही?" साहेबरावांनी पलंगाखाली वाकून बघितलं. "विमानातून उतरवताना फेकतेत. धा फुटावरून. माझ्या साडूच्या पोराची बॅग गेलती तर आली ती निस्ती मूठ. मुठीला चिठ्ठी व्हती बघा, बॅग न्हवती."

"मग बाकीची बॅग?"

"ते त्याला अजून इचारायलेत."

साहेबरावांच्या मते उपाय एकच, गोणपाट. वरून गोणपाट, सुतळीचे टाके, आणि टाक्यांवर डांबर. धरणावर मशिनं यायची ती अशीच. बापूसाहेब गोणपाटापर्यंत विचारात पडले होते, पण डांबराचं नाव निघताच त्यांनी विषय बदलला.

दुसरा सल्लागार गुरुबसप्पा. देगलूरकडचा, बापूसाहेबांचा जुना विद्यार्थी. शाळेत असताना त्याला त्रैराशिक कधी जमलं नाही. आता लातुरात त्याचे दोन मजली क्लास होते आणि नांदेडला शाखा. त्याचं बापूसाहेबांना वाईट वाटत नसे. ज्याला स्वतःला अडतं तोच दुसऱ्याला कुठं अडतं ते ओळखतो, हे त्यांनी अनुभवानं जाणलं होतं.

"सर, गोणपाट काय घेऊन बसलात? विमानतळावर लॅमिनेशन करून देतात."

"बॅगेचं?"

"हाव. मशिनवर बॅग गरगर फिरवतात आणि प्लास्टिक गुंडाळतात. मार्कशीट करतो तसं. मग कुणाच्या बापाला उघडता येत नाही."

बापूसाहेब विचारात पडले. मूळ कागदाला लॅमिनेशन करू नये, मागाहून त्यावर शिक्का बसत नाही, हे त्यांनी विद्यार्थ्यांच्या चार पिढ्यांना बजावलं होतं. म्हणजे ओघानंच आलं, शिक्का आधी आणि लॅमिनेशन नंतर. त्यांनी ट्रंकेतून लाखेची कांडी काढली. बॅगेच्या चेनीवर खळीनं कागदाची पट्टी चिकटवली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: "सीलबंद. सदर बॅग खालील पंचांसमक्ष सील करण्यात आली असून, मुक्कामी पोचेपर्यंत कुणीही उघडू नये." शाळेचा शिक्का शाळेत राहिला होता, म्हणून वितळलेल्या लाखेवर जुन्या पाच पैशांच्या नाण्याचा ठसा मारला. पंच म्हणून गुरुबसप्पानं सही केली. साहेबरावांनीही केली, पण खाली हुद्दा लिहिल्याशिवाय आपली सही ग्राह्य धरू नये असा त्यांचा आग्रह. हुद्दा लांब निघाला. पट्टी पुरली नाही. दुसरी पट्टी जोडावी लागली.

"आता बघा," साहेबराव म्हणाले, "कलेक्टर आला तरी हात लावणार न्हाई."

गुरुबसप्पाचं एवढ्यानं समाधान झालं नाही. विमानतळावर प्रश्न विचारतात आणि सर भोळे आहेत, ही त्याची काळजी. त्यानं लातूर पद्धतीनं प्रश्नसंच तयार केला. संभाव्य प्रश्न एकसष्ट, आदर्श उत्तरांसह. कुठं चाललात? लेकाकडे. किती दिवस? तीन महिने. त्यानं तीन सराव परीक्षा घेतल्या. पहिलीत बापूसाहेबांना एकसष्टपैकी बावीस पडले.

"सर, तुम्ही लई बोलता. दोन शब्दांच्या वर उत्तर नको."

"अरे पण जे खरं हाय ते सांगायला..."

"सर, तिथं खरं-खोटं नसतं. बरोबर-चूक असतं."

हे वाक्य बापूसाहेबांना लागलं. आपणच शिकवलेलं लेकरू हे कुठं शिकलं, याचा ते रात्रभर विचार करत होते. पण तिसऱ्या परीक्षेत त्यांना अठ्ठावन्न पडले, आणि खोटं कशाला बोला, त्यांना आनंद झाला.

निघायच्या दिवशी गुरुबसप्पाच्या जीपमधून तिघं हैदराबादला गेले. बॅग मागच्या सीटवर बसली आणि तिच्याशेजारी बापूसाहेब. साहेबराव म्हणाले, टपावर बांधू. बापूसाहेब म्हणाले, ती टपावर बसणार नाही. म्हणताना आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं आणि बोधनपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले.

विमानतळाच्या दाराशी शिपायानं तिकीट बघितलं आणि दोघा पंचांना बाहेरच अडवलं. साहेबरावांनी आपला हुद्दा सांगितला. शिपायानं तो शांतपणे ऐकून घेतला आणि पुढच्या माणसाचं तिकीट मागितलं. आत जाताना बापूसाहेबांनी मागं वळून पाहिलं. काचेपलीकडून गुरुबसप्पा दोन बोटं दाखवत होता. दोन शब्द, सर, दोनच शब्द.

आत शिरल्यावर डाव्या हाताला ते मशिन होतं. मशिन कसलं, खाली फिरती थाळी आणि बाजूला प्लास्टिकचं भलंमोठं रीळ. ते चालवणारा चाळिशीतला गडी होता. खिशावर नावाची पट्टी: व्यंकटी.

"लॅमिनेशन करायचं हाय," बापूसाहेब मराठीतच म्हणाले. परक्या गावात घाबरलेला माणूस मराठीतच बोलतो.

गड्याचा चेहरा उजळला. "कुठलं गाव म्हनायचं, मालक?"

"बिलोली. आता नांदेड."

"आवं मी बिलोली तालुक्यातलाच की! पन माझी साळा तिसरीतच सुटली." त्यानं बॅग थाळीवर ठेवली आणि लाखेचा ठसा बघून थबकला. "ह्ये काय हाय, गुरुजी?" बापूसाहेब मास्तर आहेत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण लाख लावून प्रवासाला निघणारा माणूस दुसरा कोण असणार?

"सील हाय. तुम्ही वरून गुंडाळा. उघडायची नाही कुणी."

"म्या गुंडाळल्यावर वारं सुदिक शिरत न्हाई."

थाळी फिरू लागली. बॅग हळूहळू गिरक्या घेत होती आणि तिच्यावर पापुद्र्यावर पापुद्रा चढत होता. आधी पट्टीवरची अक्षरं पुसट झाली. मग साहेबरावांचा हुद्दा गेला. मग लाखेचा लाल ठिपका तेवढा उरला, दुधात पडलेल्या कुंकवासारखा. बापूसाहेब हात जोडून उभे होते. आपण हात जोडलेत हे त्यांना कळलं नव्हतं. सौदामिनीबाईंना शेवटचं गुंडाळताना बापूसाहेबांना घरात बसवून ठेवलं होतं, वयस्कर माणसानं बघू नये म्हणून. हे मात्र त्यांनी सगळं बघितलं.

पुढं सामान देण्याची खिडकी. तिथं बसलेली मुलगी आलोकच्या वर्गातल्या मुलींसारखी हुशार दिसत होती. कुठं चाललात, किती दिवस, हातातल्या बॅगेत काय. प्रश्न चार, सव्वीस, नऊ. बापूसाहेबांनी दोन-दोन शब्दांत धडाधड उत्तरं दिली. पैकीच्या पैकी चालले होते. मग मुलीनं खाली बघत सहज विचारलं,

"अंकल, ये बैग आपने खुद पैक किया है?"

हा प्रश्न संचात नव्हता. अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आला की हुशार पोरगं जसं वर छताकडे बघतं, तसं बापूसाहेबांनी छताकडे बघितलं. मग त्यांनी मागं बोट दाखवलं.

"नहीं. वो व्यंकटी ने किया."

मुलगी हसली. "प्लास्टिक नहीं अंकल. अंदर का सामान."

"अंदर का मेरी बीवी ने."

"वो कहाँ हैं?"

बापूसाहेबांनी दोन शब्द शोधले. "गुजर गई."

मुलीचं हसू जागीच थांबलं. तिनं आजूबाजूला बघितलं, पुढं वाकली आणि हळूच म्हणाली, "अंकल, बस हाँ बोल दीजिए ना. आपने खुद पैक किया."

ती भली पोर होती. बापूसाहेबांना ते कळलं. एक "हाँ" की बॅग पट्ट्यावरून सरळ विमानाच्या पोटात जाणार होती, आणि दिलेला शब्द पाळला जाणार होता. पण न बघितलेल्या गोष्टीवर सही करू नये, हे पस्तीस वर्षं ज्या तोंडानं सांगितलं ते तोंड ऐन वेळी ऐकेना. "हाँ" ओठापर्यंत आलं आणि तिथंच बसून राहिलं.

"बेटी, मला माहीतच न्हाई आत काय हाय," ते म्हणाले. हिंदीत सांगायचं राहूनच गेलं. पण ते कळायला भाषा लागली नसावी, कारण मागं उभ्या असलेल्या मिशीवाल्या अंमलदारानं मान वर केली.

पुढं जे झालं त्यात कुणाचीही चूक नव्हती. आपल्या बॅगेत काय आहे हे ठाऊक नसलेला माणूस विमानात बसवायचा नाही, हा नियम बापूसाहेबांनी स्वतः केला असता तर असाच केला असता. बाजूच्या पत्र्याच्या टेबलावर बॅग ठेवली गेली. व्यंकटीला बोलावलं. ज्यानं गुंडाळलं त्यानंच पातं फिरवलं. प्लास्टिक गळून पडलं आणि खाली लाल लाख दिसली.

"ये क्या है? डाकखाना है क्या?" अंमलदारानं विचारलं.

बापूसाहेब ताठ उभे राहिले. अपमान झाला की ते ताठ होत आणि शुद्ध बोलू लागत. "साहेब, सीलबंद पाकीट फोडताना दोन पंच लागतात. आणि आतल्या वस्तूंची क्रमवार नोंद होते. नियम आहे."

अंमलदारानं व्यंकटीकडे बघितलं. व्यंकटीनं जमेल तसं हिंदीत सांगितलं की गुरुजी मोठे मास्तर आहेत, त्यांचं म्हणणं, एकेक वस्तू काढा आणि लिहून घ्या. अंमलदार एक सुस्कारा टाकून म्हणाला, "ठीक है. लिखो."

बापूसाहेबांनी खिशातून प्रश्नसंच काढला, मागची कोरी बाजू वर केली आणि पेन उघडलं. लाख फुटली. चेन सरकली.

सगळ्यांत वर साडी होती. जुनी, मोरपंखी, धुऊन धुऊन मऊ झालेली. आतल्या सामानावर ती अंथरली होती आणि झोपलेल्या लेकराला पांघरूण खोचतात तशी चारी बाजूंनी खोचली होती. अंमलदारानं हात पुढे केला आणि मागं घेतला. "आप निकालो," तो म्हणाला.

थर पहिला: साडी. चारी बाजू खोचलेल्या. थर दुसरा: उजवीकडे आमटीच्या येसराची पुरचुंडी, डावीकडे मेतकूट, मध्ये आलोकची सोलापुरी चादर, चौपदरी. थर तिसरा: कुरडया, डब्यात, डब्याभोवती देविकासाठी शाल. देविका म्हणजे आलोकची बायको. बापूसाहेब एक वस्तू काढत, टेबलावर ठेवत, लिहीत, आणि पुढची काढत. थर चौथा: खलबत्ता. खलात मसूर, मसुरात जायफळ, जायफळ मोज्यात.

"और ये डंडा?"

"बत्ता," बापूसाहेब म्हणाले. "ठेचायला."

"क्या ठेचने?"

"लसूण," व्यंकटी म्हणाला. "त्याबिगर आमच्याकडं गोड लागत न्हाई, साहेब."

अंमलदाराच्या मिशीखाली काहीतरी हललं. पाचव्या थरात बापूसाहेबांच्या रोजच्या गोळ्या, तीन महिन्यांच्या, वारानुसार चिठ्ठ्या लावलेल्या. त्यांना आजवर वाटत होतं, गोळ्या संपल्यात. सहाव्यात आलोकसाठी सातूचं पीठ. आणि सातवा थर तळाशी. तिथं तिचं स्वतःचं होतं. दोन नव्या साड्या, एक स्वेटर, आणि एक जोड बूट. कॅनव्हासचे, पांढरे, बायकी. बाईंनी जन्मात बूट घातला नव्हता. हे कधी घेतले, कुठून घेतले, बापूसाहेबांना पत्ता नव्हता. तळवे किंचित मळले होते. म्हणजे ते घरात नसताना बाई बूट घालून या खोलीतून त्या खोलीत चालून बघत होत्या. सवय व्हावी म्हणून.

"ये लेडीज़..." अंमलदार म्हणाला. त्यानं व्यंकटीला खुर्ची आणायला सांगितलं.

बापूसाहेब बसले नाहीत. त्यांनी लिहिलं: थर सातवा: तिचं.

आता सामान परत भरायचं होतं. खिडकी बंद व्हायला वीस मिनिटं होती. वस्तू कोणत्याही क्रमानं ठेवल्या तरी त्यांचं घनफळ तेवढंच राहतं, हे बापूसाहेबांनी पस्तीस वर्षं फळ्यावर सिद्ध करून दाखवलं होतं. लेकरं मान डोलवत. त्या सगळ्या लेकरांची त्यांनी त्या टेबलापाशी मनातल्या मनात माफी मागितली. बूट तळाशी बसेनात. खल आडवा मावेना, उभा ठेवला तर झाकण लागेना. कागद समोर होता, पण घड्याळ पळत होतं. व्यंकटी बॅगेवर बसला. अंमलदारानं गुडघा रोवला. तरी खलबत्ता, सातूचं पीठ आणि कुरडयांचा डबा बाहेरच.

"ये तीन छोड़ दो, मास्टरजी."

"नाही," बापूसाहेब म्हणाले.

त्यांनी हातातली छोटी बॅग उघडली. आत त्यांचे स्वतःचे कपडे होते. त्यांनी अंगातल्या सदऱ्यावर दुसरा सदरा घातला, त्यावर तिसरा, त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर, त्यावर बाह्यांचा, त्यावर कोट, आणि पायजम्यावर पँट. पँट अर्ध्यात अडली तेव्हा व्यंकटीनं धरून वर ओढली. येणारे-जाणारे बघत होते. बिलोलीचे माजी मुख्याध्यापक विमानतळाच्या मधोमध एका पायावर उड्या मारत होते, आणि बाहेर चैत्रातलं ऊन असं की कावळा सावली सोडत नव्हता. पण छोटी बॅग रिकामी झाली. तिन्ही वस्तू तिच्यात मावल्या. खिडकीतल्या पोरीनं बत्ता बघितला, तो काही वर नेऊ देणार नाहीत म्हणाली, आणि ती छोटी बॅगही तिनं मोठीबरोबर खालीच पाठवायला घेतली.

व्यंकटीनं मोठी बॅग पुन्हा थाळीवर चढवली आणि कुणी सांगायच्या आत दुप्पट वेढे घातले. "लई जनाच्या बॅगा बांधल्या, गुरुजी," तो थाळी थांबवत म्हणाला. "पन आत काय अस्तंय ते आज बघितलं."

बापूसाहेबांनी त्याला नमस्कार केला. घामानं त्यांचे तिन्ही सदरे एक झाले होते.

जर्मनीत आलोक काठी टेकत न्यायला आला होता. बापाचा अवतार बघून तो म्हणाला, "बाबा, एवढी थंडी नाही हो आता." बापूसाहेब म्हणाले, असू दे. गाडीत ते पायाची चौकशी करत राहिले.

घरी आल्यावर आलोकनं बॅग बैठकीच्या मध्यावर ठेवली. मोडका पाय लांब करून तो खाली बसला आणि सुरीनं एकेक पापुद्रा कापू लागला, आतल्याला लागेल की काय अशा बेतानं. चेन उघडली. वर एक बूट होता. त्याच्याखाली साडीचा बोळा, त्यात मेतकुटाची पुडी फुटून सगळीकडे पिवळं झालेलं, गोळ्यांच्या चिठ्ठ्या सुटलेल्या, शाल गुंडाळी करून कशात तरी कोंबलेली.

आलोकनं तो बूट बाजूला ठेवला. त्याचा आवाज आला तो पंधरा वर्षांच्या पोराचा होता.

"बाबा, शेवटी शेवटी आईचे हात चालत नव्हते का?"

विमानतळावर "हाँ" म्हटलं असतं तर बॅग वाचली असती. इथं "हाव" म्हटलं असतं तर बापूसाहेब वाचले असते. पोरगं समजुतीनं मान हलवणार होतं आणि विषय कायमचा मिटणार होता. फक्त सौदामिनीबाईंच्या हातांवर तो ठपका राहिला असता, आणि त्यांना तो खोडून काढता आला नसता.

"चालत होते," बापूसाहेब म्हणाले. "चांगले चालत होते. हे मी भरलंय. तिनं भरलेलं मोडलं माझ्या हातून. विमानतळावर त्यांनी विचारलं, आणि मी खरं बोललो."

आलोकनं सुरी खाली ठेवली. देविका दारात उभी होती.

मग बापूसाहेबांनी कोट काढला. एक स्वेटर काढला, दुसरा काढला, दोन सदरे काढले. तिसऱ्या सदऱ्याच्या खिशात घामानं ओला झालेला कागद होता. तो त्यांनी अलगद उलगडला. शाई फुटली होती, पण अक्षर वाचता येत होतं. मास्तरचं अक्षर होतं ते.

"तू चहा ठेव," ते आलोकला म्हणाले. "आणि मी हाक मारेपर्यंत इकडं येऊ नको."

"बाबा, राहू द्या..."

"जा म्हटलं ना."

त्यांनी दोन्ही बॅगांतलं सगळं बाहेर काढलं. मेतकूट झटकलं. शालीच्या घड्या उलगडून परत घातल्या. मग कागद गुडघ्यापाशी ठेवला आणि शेवटच्या ओळीपासून वर वाचायला सुरुवात केली. थर सातवा. बूट आधी, टाचा बाहेरच्या बाजूला. एक वेळ चुकलं, दोन वेळा चुकलं, तिसऱ्यांदा बसलं. बुटांच्या पोकळीत स्वेटरच्या बाह्या गेल्या. तिथं पोकळ राहिलं नाही म्हटल्यावर वरची बाजू सपाट झाली आणि सातूचं पीठ आपसूक टेकलं. चुकलं की ते काढत आणि परत लावत. लेकराचं गणित चुकलं की खोडून पुन्हा मांडायचं, रागवायचं नाही, ही त्यांची जन्माची रीत. स्वतःच्या बाबतीत ती पाळायची वेळ आज पहिल्यांदा आली होती. मसुरात जायफळ. डब्याभोवती शाल. एकदा आतून देविकाचा आवाज आला, चहा निवतोय म्हणून. आलोक म्हणाला, निवू दे.

दीड तासानं त्यांनी साडी अंथरली. मेतकुटाचा डाग काही गेला नव्हता. चारी बाजू खोचल्या. खलबत्ता, पीठ, डबा, सगळं आत होतं. चेन एका बोटानं लागली.

"आलोक," त्यांनी हाक मारली. "ये. आता उघड."

आलोक आला, पाय लांब करून बसला, आणि त्यानं चेन ओढली. साडी जागची हलली नव्हती. त्यानं खोचलेल्या कडेखाली चार बोटं सरकवली आणि ती कड उचलून आत बघत राहिला. बापूसाहेब उठले, स्वयंपाकघरात गेले, आणि निवलेला चहा पुन्हा गॅसवर ठेवून त्याला उकळी येण्याची वाट बघत उभे राहिले.